हिरव्या काचांचा चष्मा

कुरुंदा. पौष, मंगळवार, दिवेलागण

विमानवाल्याचा चष्मा मीच उचलला. नुसती गंमत. काल माळावर उतरून तो पाणी पिऊन राहिला व्हता, मी हळूच खिशात घातला. वाटलं, शोधंल, बोंबलंल, मग दिऊ. त्यानं कपाळ चाचपलं, हसला अन् तसाच बसला त्या उघड्या विमानात. धुरळा उडाला, विमान जरासं उचललं अन् बाभळीत घुसलं. मेला बिचारा.

आज चौकशीचा साहेब आला. "बगैर चश्मे के कैसे उडा?" मी खिसा दाबून धरला. मग पाटील म्हणले, "गुराख्याची गाय आडवी आली असंल." महादू गुराखी रडून राहिला, "गाय बांधेल व्हती, मालक!" उद्या त्याला ठाण्यात नेणार.

आत्ता चष्मा लावून बांधावर बसलो. पिवळी पडलेली हळद पुन्हा हिरवी, पाण्यावानी हालून राहिली. त्यातून विमानवाला हसत येतो, डोळे चोळत. "दे ना गड्या, माती गेली."

काहून घेतला मी?

सकाळी साहेबाच्या हातात देतो. वाचणाऱ्या, पाया पडतो, तवर कुणाला सांगू नको. महादूला माझ्याच तोंडून कळू दे.