देवीच्या फोनला पाचपैकी ४.४१

मंगळवार, ८ एप्रिल

सही नाही! आमच्या बुदाई गावातल्या माझूदेवीच्या मंदिरात फोन बसवून दोन आठवडे झाले, तरी व्यवस्थापक थू काका काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करत नाहीत. आमच्या इंटरनेट फोनवरून लांबचे भक्त प्रश्न विचारतात. शिऊ-चिन मावशी देवीपुढे लाकडी चंद्रकोरींची जोडी टाकतात आणि देवीनं कौल दिला की नाही ते फोनवर सांगतात. आता मावशींची तक्रार — लोकांना माझं बोलणं ऐकूच जात नाही.

मी पडद्यावर दाखवलं. आवाजाचे बारीक तुकडे होऊन जातात; किती हरवले, किती उशिरा आले, किती मागेपुढे झाले, त्यावरून पाचपैकी गुण. हरवलेले शून्य, उशीर नावापुरता. गुण ४.४१! आमच्या फोनला याहून जास्त मिळतच नाहीत. मावशी म्हणाल्या, "मग त्या गुणांनाच बसव फोनवर."

शेवटी काकांनी देवीलाच विचारलं, सही करू का? दोन्ही चंद्रकोरी सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे देवी हसली, कौल नाही.

बुधवार, ९ एप्रिल

मागोंग बेटावरून चोंग-लिनचा फोन. त्याच्या बोटीचा मालक वीस तारखेला त्याच्यासारख्या इंजिनवाल्यांना घरं वाटणार — लग्नाचं पक्कं असेल त्याला दोन खोल्या, सड्याला एक. "काय ते सांग आता," म्हणाला. आमचं जमून आठ वर्षं झाली, त्यानं कधी घाई केली नव्हती. मी म्हटलं, बघते.

उशीर ३८ मिलिसेकंद. गळती शून्य. गुण ४.३९.

शुक्रवार, ११ एप्रिल

खो साहेबांचं कालचं निदान: फोन करणारे म्हातारे, कानांनी गेलेले. मावशींना मोठ्यानं बोलायला सांग. आमच्या कंपनीत साहेबांचा शब्द शेवटचा, तेव्हा सांगितलं.

मावशी कालपासून "दिलाऽऽ! कौल दिलाऽऽ!" असं ओरडतायत. आवारातली कबुतरं परत यायला तयार नाहीत. घसा पार बसला, आता नाशपातीचा पाक चाटत बसल्यात. गुण ४.४१, जागचे हललेले नाहीत.

शनिवार, १२ एप्रिल

काका सकाळ-संध्याकाळ विचारतात. आज नववा नकार. मी हिशेब केला: निम्मी शक्यता धरली तर ओळीनं नऊ नकार पाचशे बारा वेळांत एकदाच यावेत. साहेबांना सांगितलं, तर म्हणतात नमुना लहान आहे, देवीला हजार वेळा विचारायला लाव. हे काकांना सांगायची माझी छाती झाली नाही.

रविवार, १३ एप्रिल

भांडण. चोंग-लिन त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल सांगत होता आणि मी मध्येच म्हणाले, आज तुकडे मागेपुढे येतायत, तुझा राउटर बंद करून चालू कर. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पेइ-चेन, तू माझं ऐकतेस की मला मोजतेस?"

तो गप्प होता तेव्हाही गुण ४.४० होते. शांतता फार छान पोचते, हे मला इतकी वर्षं कसं खटकलं नाही?

लग्न केलं तर बुदाई सुटेल, नोकरी सुटेल. नाही केलं तर — हे वाक्य तीनदा सुरू केलं, तीनदा खोडलं. मला भीती वाटते, एवढंच खरं.

मंगळवार, १५ एप्रिल

आज मीच गिऱ्हाईक झाले. घरून मंदिराला फोन लावला. नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं सांगितलं. पत्त्याशिवाय देवीला कळणार कसं कोण विचारतंय ते? हरवलेल्या छत्रीचं विचारायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं — चोंग-लिनशी लग्न करू का?

लाकूड फरशीवर पडल्याचा अर्धाच आवाज. मग "दे—", मग खरखर, मग काहीच नाही. मी किंचाळले, मावशी, काय झालं, दिला की नाही! आठवडाभर त्या बाईला खोटं पाडत होते मी. लाज वाटली.

आणि त्या खरखरीत मी देवीला विनवत होते — दे, दे, एवढा दे कौल. म्हणजे मला काय हवं होतं ते ठरलेलंच होतं की!

फोन ठेवला आणि मागोंगला लावला. म्हटलं, दोन खोल्या घे. तो हसला की रडला, कळलं नाही. आकडे बघितले नाहीत.

बुधवार, १६ एप्रिल

चूक सापडली. माझाच गाढवपणा! मी बघत होते ते गुण मंदिरात येणाऱ्या आवाजाचे. मंदिरातून बाहेर जाणाऱ्या आवाजाचा तक्ता वेगळा, तो मी उघडलाच नव्हता. उघडला: गळती ४१ टक्के, गुण १.२. फोन बसला त्याच दिवशी काकांनी कॅमेराही बसवलेला, घरोघरी चोवीस तास दर्शनासाठी. बाहेर जायची सगळी वाट त्यानंच अडवलेली. देवीचं मुख लख्ख पोचतंय आणि शब्द वाटेत सांडतोय!

मावशींची माफी मागितली. "आधी तिची माग," म्हणाल्या. मागितली.

गंमत पुढेच. ज्यांना काही ऐकूच गेलं नाही, त्यांच्याकडून कौलाबद्दल फळांच्या टोपल्या येतायत. एकानं नूडल्सचं दुकान काढलं, जोरात चाललंय. एकीनं भावाशी अबोला सोडला. मावशींनी कौलांची वही काढून बघितली. दोघांनाही देवीनं नाही म्हटलं होतं.

वहीत माझंही पान असणार. वही मिटेपर्यंत थांबले नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

फोनला स्वतंत्र वाट काढून दिली. आता दोन्ही तक्ते उघडे, दोन्हीकडे ४.४१. काकांनी विचारलं, सही करू का? दिला, दिला, दिला — ओळीनं तीनदा! साहेबांनी खुशीत कालवांचं धिरडं खाऊ घातलं. राजीनाम्याचं खाऊन झाल्यावर सांगितलं.

रविवार, २० एप्रिल

देवीचा वाढदिवस. सकाळीच चोंग-लिननं किल्लीचा फोटो पाठवला.

दुपारी मावशींचा फोन. "अगं, मंगळवारी तुझा आवाज लख्ख आला हं. तीनदा टाकल्या मी. तुला सांगायचंच राहिलं बघ, देवीनं—"

"मावशी, आवाज तुटतोय," म्हटलं आणि ठेवला.

गुण ४.४१.