कॅन्टीनच्या पायऱ्यांवरचं दार

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, प्रत्यक्षात कंबर ऐकत नाही.) तुझा गुडघा कसा आहे ते कळव, पण एका ओळीत. मागच्या पत्रात गुडघ्याने अख्खं पान खाल्लं आणि वहिनींची खुशाली समासात गेली. त्यांना माझा नमस्कार पानाच्या मधोमध आहे असं सांग.

शाळेतल्या पर्यवेक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी इथल्या कॉलेजात विद्यार्थ्यांना आधार देणारी मार्गदर्शक म्हणून जाते, हे तुला ठाऊक आहे. ("तू आणि आधार? तुझ्या आवाजाने भिंतीचे पोपडे पडतात," असं तू फोनवर म्हणालास, तेही लक्षात आहे.) माझ्याकडे पहिल्या वर्षाची एक मुलगी सोपवली. व्हीलचेअर वापरते, हुशार आहे आणि तोंडाला तोंड देते, त्यामुळे आमचं पहिल्याच दिवशी जमलं. मी पदर खोचला. ग्रंथालयाला रॅम्प करून घेतला. गवंड्याने पहिला रॅम्प असा उभा केला होता की त्यावरून चढणं नव्हे, घसरणंच शक्य होतं. त्याला मी स्वतः खुर्चीत बसवून वर जायला सांगितलं. दुसरा रॅम्प व्यवस्थित झाला. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार अरुंद होतं, तेही काढून रुंद बसवून घेतलं. जुनं दार जिन्याखाली ठेवायला लावलं. (चांगलं लाकूड. टाकून द्यायला मी काय तू आहे?) मधल्या सुट्टीत तिला एकटं वाटू नये म्हणून रोज तिच्याशेजारी बसून डबा खाल्ला. आणखी काय करायचं असतं?

आणि पहिलं सत्र संपता संपता ही बाई मला शांतपणे सांगते की पुढच्या सत्रापासून मी कॉलेजला येणार नाही, घरूनच परीक्षा देईन. गुण उत्तम, तब्येत उत्तम. मी विचारलं, कुणी काही बोललं का? तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, या कॉलेजात माझ्याशी रोज बोलणारं एकच माणूस आहे. ते म्हणजे तुम्ही."

"मग?"

"तेच तर!"

दादा, मी त्या दिवशी डबा अर्धा टाकला. (तुला माहीत आहे, मी अन्न टाकत नाही. घरी येऊन संपवला.) दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गातल्या मुलांना व्हरांड्यात गाठून जाब विचारला. तेव्हा लांबोडका नावाने ओळखला जाणारा एक उंच मुलगा बोलला. तो म्हणे एकदा तिच्याशी ओळख काढायला पेन मागण्याच्या निमित्ताने आला होता; मी त्याला पेनाशिवाय कॉलेजला येणाऱ्यांचं भवितव्य समजावून सांगितलं. एक मुलगी नाटकाच्या तालमीला बोलवायला आली होती. तिला मी परस्पर सांगितलं की हिची परीक्षा जवळ आली आहे. हिला विचारलंसुद्धा नाही. मुलांनी माझं नाव स्पीडब्रेकर ठेवलं आहे, कारण आमच्या बाकाजवळ आलं की सगळे वेग कमी करतात आणि मान खाली घालून पुढे जातात.

मी मुलीकडे गेले आणि विचारलं, तुला नक्की काय हवं? ती म्हणाली, कॅन्टीन. ग्रंथालयातली पुस्तकं घरी नेता येतात, म्हणाली, कॅन्टीन घरी नेता येत नाही. आणि कॅन्टीनला दोन पायऱ्या आहेत. त्या मला पहिल्या दिवसापासून दिसत होत्या. पण कॅन्टीन ही वेळ घालवायची जागा, तिथे जाता येत नाही हे एका परीने बरंच, असं माझं मत होतं. (हे मत कुणाकडे पाहून बनलं ते तुला सांगायला नको.)

प्राचार्य म्हणाले, कॅन्टीनसाठी या वर्षी तरतूद नाही. मी जिन्याखालचं दार काढायला लावलं, दोघा शिपायांकडून पायऱ्यांवर टाकून घेतलं, हलू नये म्हणून खाली पट्ट्या ठोकल्या. त्यावर मोठ्या अक्षरांत "महिला" लिहिलेलं तसंच राहिलं. त्यामुळे मुली दारावरून ऐटीत जातात आणि मुलगे कडेने उड्या मारतात. चढ थोडा जास्त झाला, मागून एक धक्का लागतो. पहिला धक्का लांबोडक्याने दिला. मुलीने मला बजावलं आहे की पुढच्या सत्रापर्यंत सिमेंटचा नीट रॅम्प हवा, लांबोडक्याच्या मर्जीवर ती पदवी घेणार नाही. म्हणजे पुढच्या सत्रात ती इथेच असणार, हे मी कागदावर न घेता समजून घेतलं.

मला कॅन्टीनच्या आत यायला तिने बंदी केली आहे. परवा बाहेरून जाताना माझाच आवाज ऐकू आला, "आधी पेन दाखव!" आणि मागोमाग हशा. ती माझी नक्कल करत होती. नक्कल बरी होती, फक्त मी इतकी ओरडत नाही. आणि काल तिच्या प्राध्यापकांनी माझ्याकडे तक्रार केली की ती तासाला नव्हती, कॅन्टीनमध्ये बसली होती. मी तिला रीतसर झापलं. मग घरी आले आणि पुष्कळ दिवसांनी कपाळाला आठी न घालता चहा प्यायले.

तुझी बहीण

ता. क. तुझं कॉलेज कॅन्टीनमध्ये गेलं आणि माझं ग्रंथालयात. म्हणून तुझी तेव्हाची गुणपत्रिका मी माफ केली, असा अर्थ या पत्रातून काढू नकोस.

ता. क. २. फक्त दर मंगळवारी मला आत यायची परवानगी मिळाली आहे. अट एकच, कुणालाही अभ्यासाविषयी विचारायचं नाही. मग माणसं बोलतात तरी कशाविषयी? मागच्या मंगळवारी मी हवेविषयी बोलले आणि सगळ्यांनी छत्र्या उचलून वाट धरली. मधल्या सुट्टीत आता मी एकटीच डबा खाते. तू काही दिवस ये आणि माझ्याशेजारी बस.

ता. क. ३. गुडघ्याची सबब चालणार नाही. दार आहे, आणि धक्का द्यायला लांबोडका आहे.