वल्ही मारायचे बूट

२१ सप्टेंबर १९७५, रविवार
शेजारच्या गुरुबसप्पाकडे वल्ही मारायचं मशीन आलं. त्याचा मेहुणा बोटीवर नोकरीला आहे, त्यानं आणलं. सरकत्या पाटावर बसायचं, पाय पट्ट्यांत अडकवायचे, दांडा ओढायचा. आमच्या नळाला दिवसाआड पाणी आणि हा घरात नाव चालवतो! अख्खी भवानी पेठ बघून आली. मी जाणार नाही. हेवा वगैरे अजिबात नाही.

२८ सप्टेंबर
मथुरा म्हणाली, गुरुबसप्पाअण्णांचं पोट बघा की, किती उतरलंय. आठवड्यात? पंधरा वर्षं संसार केला, माझ्या पोटाकडे तिनं कधी बघितलं नाही. जेवण गेलं नाही. तीनच भाकरी.

२९ सप्टेंबर
गुरुबसप्पाला सांगून टाकलं, दसऱ्याला येतो आणि दोनशे वेळा ओढतो. त्याची मजल दीडशे. म्हणाला, या की धोंडीराम, लई बरं होईल, वैनींनाबी आणा. याचा चांगुलपणा मला सहन होत नाही.

३० सप्टेंबर, सकाळी ६
सगळा जोर पायातून येतो. म्हणजे सगळं बुटांवर. योग्य बूट मिळेपर्यंत सराव करणं अशास्त्रीय. परत झोपलो.

४ ऑक्टोबर
पाटावर बसून, कपाटाच्या कडीला पंचा बांधून प्रयोग. वहाणा: टाच निसटते. कडीपण निसटली. ऑफिसचे बूट: तळवा वाकत नाही. रबरी स्लिपर: मथुरा हसली. बाद.

८ ऑक्टोबर
सात रस्ता, संगप्पाचं दुकान. जमिनीवर बसून, पाय भिंतीला लावून, हवेतच दांडा ओढत नऊ जोड तपासले. संगप्पानं विचारलं, सायेब, पोटात दुखतंय व्हय? दहावा जोड घेतला. पांढरा कॅनव्हास. बोटांना ऐसपैस, टाचेला घट्ट, तळव्याला मऊ. आता मथुरा बघेल.

१२ ऑक्टोबर
बुटांना खडू लावला. सराव राहिला, पण बूट तयार आहेत.

१४ ऑक्टोबर, दसरा
मशीनला झेंडूची माळ. काल खंडेनवमीला गुरुबसप्पाच्या कापडदुकानातल्या कात्री-गजाबरोबर त्याचीही पूजा झाली. पाय ठेवायच्या फळीवर हळदकुंकू. गुरुबसप्पाची आई गौरम्मा ओरडल्या, पूजा केल्याली हाय, बूट काढा आदी! गुरुबसप्पा म्हणाला, आमी रोज अनवाणीच बसतोय की.

अनवाणी बसलो. अकरा झाले. बाराव्याला कंबर धरली. चौघांनी उचलून घोंगडीवर ठेवलं.

मग मथुरा, बघू तरी, म्हणत पदर खोचून बसली. मोहोळला माहेरी विहिरीचं पाणी शेंदलेली बाई. गौरम्मा कानडीत मोजत होत्या, मी मनात मराठीत. दोनशे चार! गुरुबसप्पानं टाळ्या वाजवल्या. मथुरेनं हसत माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघत होतो.

१७ ऑक्टोबर, सकाळी ६.३०
मथुरा आता रोज गौरम्मांकडे वल्ही मारायला जाते. जाताना म्हणाली, अहो, कंबर सरळ झाली असली तर चहा टाकून ठेवा.

गुरुबसप्पाचा हेवा गेला. आता मथुरेचा वाटतो. खूप वाटतो.

बूट मात्र योग्यच निघाले. सकाळी शहाबादी फरशी गार असते. चहाला उकळी येईपर्यंत उभा राहिलो, पाय जराही दुखले नाहीत.