मावशीचा सिंह

ऐन झितून, ट्युनिशिया
४ मार्च १९८६

प्रिय लझार,
अनेक उ. आशीर्वाद.

मावशीच्या गुडघ्यांचं मलम पोचलं. इकडे मात्र घोटाळा झालाय. शेजारच्या मबरूकाच्या लग्नाच्या मेंदीला बायकांनी आग्रह केला आणि दहबिया मावशीने सिंहाची गोष्ट सांगितली. दात पडलेला म्हातारा सिंह फर्मान काढतो, की दरबारात कुणी चावायचं नाही. सगळे घास अख्खे गिळतात, घुसमटतात, वर महाराजांची वाहवा करतात. साळिंदर तेवढं निवांत चघळत बसलेलं. जाब विचारला तर म्हणतं, महाराज, तुमच्या वाटचं चावतोय. बायका हसून लोळल्या. सिंह कोण, हे एकीनेही विचारलं नाही; आपल्या म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षांचा फोटो भिंतीभिंतीवर आहे.

कुणीतरी ते चौकीत पोचवलं. वीस तारखेला सकाळी मावशीला बोलावलंय. असल्याच गोष्टीपायी आपला न्हावी अजून आत आहे. मी तिला म्हटलं, वेड लागल्याचं सोंग घे. हे तिच्यासाठी म्हटलं की माझ्या शाळेतल्या नोकरीसाठी, ते मलाच नीट कळत नाही. ती म्हणाली, आधी जेव, तोंड उतरलंय तुझं.

तुझी,
मुंजिया

मार्सेय, फ्रान्स
१० मार्च

ती. मुंजियाताईस,
सा. न. वि. वि.

सोंग तिला जमायचं नाही. आई गेली तेव्हा तेही तिला आपल्यापासून लपवता आलं नव्हतं. तू सोबत जा, पण तिथे मास्तरकी करू नकोस. आपल्याला वाढवणारी बाई तुरुंगात गेली तर मी इथे कोणत्या तोंडाने जेवू? लगेच कळव.

तुझा धाकटा,
लझार

ऐन झितून
२१ मार्च

प्रिय लझार,
अ. उ. आ.

मावशी घरी आहे. आता सावकाश वाच.

काल चौकीत साहेबांनी फर्मावलं, म्हातारे, तीच गोष्ट शब्दन् शब्द सांग, कारकून टाइप करेल. मावशी दचकलीच. म्हणाली, अरे लेकरा, भर उजेडात? दिवसा गोष्ट सांगितली तर सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या पोरांना टक्कल पडतं, तुझ्या आईने शिकवलं नाही का? मग कारकुनाकडे वळून तिने विचारलं, तुला किती रे? तीन मुली, असं पुटपुटत त्याने यंत्रावरचे हात काढून घेतले. साहेबांनी खिडक्या लावायला सांगितल्या. मावशी म्हणाली, सूर्य काय खिडकीला विचारून उगवतो? संध्याकाळी घरी या, जेवून जा, मग हवी तेवढी ऐका. साहेब ओरडले, कारकून जागचा हलेना. शेवटी कोऱ्या कागदावर खटला कसला चालवायचा, म्हणून शिव्या घालत त्यांनी आम्हाला हाकललं.

वाटेत मी तिच्या हुशारीचं कौतुक केलं. ती रस्त्यातच थांबली. कसली हुशारी, म्हणाली, त्या बिचाऱ्याच्या तीन पोरी आहेत. तुम्ही दोघं दिवसा गोष्टीसाठी कितीही रडलात तरी मी तोंड उघडलं नाही, म्हणून आज तुमच्या डोक्यावर केस आहेत.

मी तिचा हात धरून चालत राहिले. मायेने कोणी आपल्याला किती जपलंय, हे चाळिशी उलटल्यावर कळावं!

तुझे केस कपाळावरून मागे सरकत चाललेत, हे मी तिला सांगितलेलं नाही. फोटो पाठवशील तेव्हा टोपी घाल.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
मुंजिया