बिनपदराचा फोटो

वडनेर
५ ऑक्टोबर २०२५

सौ. शालिनीताई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मले बोलू देत नाई, म्हणून ह्यायले कागद घेऊन बसवलं. मी सांगून राह्यली, हे लिहून राह्यले. अक्षर त्यायचं, टोमणे माहे.

लीनाच्या बाळंतपणाले तुम्ही कॅनडाले निघाल्या, असं देवेंद्र जावयाकडून कळलं. पोरगी माही, पहिलं बाळंतपण माहेरचं, अन् विमानात सासू! हे कोण्या शाळेत शिकवते जी बाई? मले अक्षर येत नाई, पण पाच लेकरं न्हाऊ-माखू घालून मोठी केली. तुम्ही तीस वर्षं पाढे शिकवले. न्हाऊ किती घातले ते कळवजा. पासपोर्ट त जावयानं मागच्या साली दोघींचाही काढला. मग मले काऊन नाई इचारलं? अडाणी म्हणून? खरं असन तेच लिहा, गोडगोड नको.

लोभ ठेवजा. हेवा माह्यापाशी हाय तेवढा दोघींले पुरून उरते.

तुमची विहीण,
मनकर्णा


बोरगाव मेघे
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मनकर्णाताई,
स. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. तुम्हाला अडाणी कोणीही म्हटलेलं नाही. व्हिसाच्या अर्जाला फोटो लागतो. डोकं उघडं, चेहरा पूर्ण, मागे पांढरं. लग्नात फोटोवाल्यानं तुम्हाला पदर जरा मागे घ्या म्हटलं आणि तुम्ही त्याला मांडवाबाहेर काढलंत, ते लीना विसरलेली नाही. आईला पदर काढायला सांगायची हिंमत होत नाही म्हणाली, म्हणून तिनं मला विचारलं.

आता माझी फजिती ऐका. फोटो घरीच मोबाइलवर काढता येतो, म्हणून देवेंद्रच्या बाबांनी तीन काढले. देवेंद्रनं तिन्ही परत पाठवले. चेहऱ्यावर भाव नको, असा नियम आहे, आणि मला कॅमेरा दिसला की हसू येतं. शाळेच्या ग्रुपफोटोंची सवय, दुसरं काय.

आणि हेवा एकट्या तुम्हालाच वाटतो असं समजू नका. मी येते म्हटल्यावर लीनानं पहिलं काय विचारलं, तर आईसारखे अळिवाचे लाडू जमतील का! त्या दिवशी मी उगाच भांडी आपटली. तुम्ही फोटो काढलात तर मी मागे सरेन. आनंदानं सरेन, असं मात्र लिहीत नाही.

तुमचं पत्र लिहून देणाऱ्या मधुकररावांना नमस्कार. राग कागदावरच राहू द्यावा, ही विनंती.

आपली,
शालिनी


वडनेर
२३ ऑक्टोबर २०२५

सौ. शालिनीताई यांस,
सा. न. वि. वि.

काढला फोटो! आमची भिंत हिरवी, म्हणून ह्यायचं धोतर दोरीवर टांगलं. माहे केस पांढरे, धोतर पांढरं. पहिल्या फोटोत डोकंच गायब, नुसतं तोंड लोंबकळून राह्यलं. मंग खोबरेल चोपडून केस चापले, तवा कुठं डोकं दिसलं.

पदर खाली घेतला त कानाले वारा लागला. ह्यायनं मोबाइल खाली केला अन् पाहातच राह्यले. चाळीस वर्षं झाली लग्नाले! म्हटलं, आधी फोटो काढा, मंग पाहा. (हे वाक्य लिहाले नाई म्हणत होते, मी लिहाले लावलं.)

मंग म्हणे, चेहऱ्यावर भाव नको. म्हटलं, भाव त मी आजवर कोणालेच देल्ला नाई. माह्याच बोलण्याचं मले हसू आलं, अन् ते काई थांबेना. सात-आठ फोटो वाया गेले. शेवटी हे हळूच म्हणाले का, शालिनीताई कॅनडात पाय पसरून बसल्या अन् आपल्या नातवाले न्हाऊ घालून राह्यल्या. हसू जागच्या जागी मेलं. तेवढ्यात ह्यायनं बटन दाबलं. देवेंद्रनं तो एका झटक्यात पास केला. म्हणे, असा निर्विकार चेहरा त साहेब लोकायलेही जमत नाई.

म्हणजे फोटो तुमच्यामुळंच निघाला. एक प्रत संगं पाठवली हाय. तुमचा काढतानी हे थोबाड समोर धरजा, हसू येणार नाई.

लोभ असू द्या. फोटोवर नाई झाला तरी माह्यावर.

तुमची,
मनकर्णा

ता. क. लीना म्हणते, दोघी आल्या तरी चालते. येजा. पण घाई करू नोका, पहिला सव्वा महिना मी हावो तिथं.