वाहानचा खोकला

ग्लेंडेल, मंगळवार

आदरणीय आराक्सीताई,

तुझ्या दोन्ही गालांना इथूनच दोन-दोन पापे. गुडघा कसा आहे? डॉक्टरनं जिने चढू नको म्हटलंय आणि तू जर्दाळूच्या झाडाला शिडी लावून चढतेस, हे मला शेजारच्या सिरानूशनं फोनवर सांगितलंय, तेव्हा उत्तरात थापा मारू नकोस. माझं ठीक आहे. रक्तदाब तेवढा वर आहे, बाकी सगळं खाली. तू पाठवलेला बास्तुर्मा पोचला. त्या वाळवलेल्या मांसाचा लसणी वास घरभर असा काही सुटलाय की पोस्टमन पाकीट दारात टाकून पळतो. तुला पत्र लिहायचं कारण म्हणजे एक तर तू ईमेल उघडत नाहीस. आणि दुसरं, मला आमच्या मंडळातून तीस दिवसांसाठी हाकलून दिलंय. होय, एकाहत्तराव्या वर्षी! आणि मी माफी मागणार नाहीये, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कुठलं मंडळ, म्हणशील. अगं, सिनेमाचं संगीत जमवणाऱ्यांचं. गाणी नव्हेत हं, नायक घोड्यावरून जातो तेव्हा मागं जे वाजतं, ते. जगभरातली हजारभर माणसं इंटरनेटवर दिवसभर यावर हुज्जत घालत असतात (त्यात बायका चार. चौघी शहाण्या, क्वचितच बोलतात). आमची बोलीच निराळी. एकच सीडी दोनदा घ्यायची, एक ऐकायला आणि एक कधीच न फोडायला. त्या न फोडलेलीला म्हणायचं ‘झाकली मूठ’. कंपनी नवी सीडी काढण्याआधी कोडी घालते, ते ‘गाजर’. ‘जकात’ म्हणजे बायको. जकात बाजारात गेली की पार्सल आत घ्यायचं. (माझी जकात सहा वर्षांपूर्वी देवाघरी गेली. आता पार्सल राजरोस येतं आणि त्यात काही मजा राहिलेली नाही.) पण या सगळ्यांच्या वर आमचा जो मानाचा शब्द आहे, तो म्हणजे ‘खोकला’.

दीपगृहावरचा तो सिनेमा तुला आठवत असेल, चौऱ्याहत्तरचा. आठवड्यात पडला. सिनेमा पडला, पण संगीत असं की अजून माणसं त्यावरून भांडतात. रेकॉर्डवरच्या शेवटच्या तुकड्यात सगळी व्हायोलिनं विरत विरत जातात, आणि दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांवर, त्या शांततेत, वादकांतलं कुणीतरी खोकतं. एकदाच. खँक्! स्टुडिओचा भाड्याचा वेळ संपला होता, पुन्हा वाजवणं शक्य नव्हतं, म्हणून तसंच ठेवलं. आमच्याकडं नवा सभासद आला की पहिला प्रश्न, खोकला ऐकलास का? एखाद्या आवृत्तीत काही गाळलं असलं की हजार जण ओरडतात, ‘खोकला कुठाय?’ आणि सगळ्यांत जुना विनोद म्हणजे तो खोकला आपल्याच घरातला आहे असं छातीठोक सांगायचं. कुणी म्हणतो माझ्या काकाचा, कुणी म्हणतो आजीचा. बेल्जियमच्या एका गृहस्थानं तर तो आपल्या कुत्र्याचा असल्याचं आलेख काढून सिद्ध केलं होतं. मी कधी काही बोललो नाही. इतरांबरोबर हसायचो.

तर गेल्या महिन्यात बरबँकच्या एका छोट्या कंपनीनं त्या संगीताची नवी, स्वच्छ आवृत्ती जाहीर केली आणि नमुना ऐकायला ठेवला. मी ऐकला. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद, आणि काही नाही! धुऊन पुसून टाकलेला. मी लिहिलं, खोकला कुठाय? ‘निर्मळनाद’ या नावानं लिहिणारा एक इसम आहे (कान तीक्ष्ण, अक्कल बोथट), त्यानं उत्तर दिलं, ती घाण होती, घाण काढली. ताई, माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, ती घाण म्हणजे माझा सख्खा भाऊ आहे.

आणि झालं ना! तीन पानं नुसती ‘खँक् खँक् खँक्’. बेल्जियमवाल्यानं कुत्र्याच्या वतीनं सांत्वन कळवलं. लांडगा आला रे आला, अशी गत. मी जीव तोडून लिहिलं की वाहान केशिशियान नावाचा माणूस होता, व्हायोला वाजवायचा. (व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी, थोडी दुःखी. ऐकू आली तर चुकली म्हणतात, नाही आली तर कुणी विचारत नाही.) एकतीस वर्षं स्टुडिओत वाजवलं, पण एका तरी पुस्तिकेत नाव छापलंय? दहा व्हायोलांतली आपली कुठली, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. जगात त्याचा वेगळा ऐकू येईल असा आवाज एवढाच. त्यापायी वादक जमवणाऱ्या मुकादमानं त्याला दोन वर्षं बोलावलं नाही. शाळेत पोरांना व्हायोलिन शिकवत, त्यांची किरकिर ऐकत दिवस काढले बिचाऱ्यानं. आणि ताई, राग मानू नकोस, पण तूही ईस्टरच्या जेवणात सगळ्यांदेखत त्याला म्हणालीस, ‘घोड्या, एक खोकला दाबता येत नाही तुला?’ तो हसला आणि त्यानं आणखी एक डोलमा वाढून घेतला. हे मी सगळं लिहिलं, त्यावरही हसले. मग निर्मळनादानं आपले कान कुठं घालावेत, हेही मी सविस्तर लिहिलं. तीस दिवस!

मी काय घरी बसणारा आहे? वाहानचं युनियनचं कार्ड, फोटो आणि तुझा अर्धा बास्तुर्मा घेऊन थेट बरबँक गाठलं. कंपनीचा मालक डेल म्हणून आहे, पन्नाशीचा, मवाळ. कार्ड पाहिलं, फोटो पाहिला, बास्तुर्मा संपवला. म्हणाला, ‘काका, खोकला आपल्या घरातला म्हणणारे या महिन्यातले तुम्ही चौथे.’ मी म्हटलं, ‘बाकीचे तिघे खोटारडे आहेत.’ तर म्हणाला, ‘तेही हेच म्हणाले.’ तासभर भांडलो. शेवटी तो नरमला. घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं, ज्याला वाहानचा खोकला पक्का माहीत आहे, त्यानं सही करून पत्र दिलं, तर खोकला परत घालीन आणि पुस्तिकेत वादकांच्या यादीत नाव छापीन, म्हणाला. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी पुस्तिका छापायला जाते.

बाकी सगळं क्षेम. झाडावर चढू नकोस.

तुझा धाकटा,
हाइग

ता. क. आता मुद्द्याचं. सोबत सीडी आहे. ऐक, आणि ‘हा माझा भाऊ वाहान याचाच खोकला’ असं लिहून सही कर. परतीचं पाकीट तिकीट लावून ठेवलंय.

ता. क. दुसरा. तू आम्हां दोघांना वाढवलंस. डांग्या खोकल्यात रात्र-रात्र मांडीवर घेऊन बसलीस. तेव्हा सीडी ऐकताक्षणी तुला कळेल, म्हणून मीच सांगतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी वाहान चष्मा घरी विसरला होता. मी तो द्यायला गेलो, तर त्यानंच मला व्हायोलांच्या मागं स्टुलावर बसवलं. लाल दिवा लागला. दोन मिनिटं चाळीस सेकंद मी श्वास धरून होतो, ताई. मुकादम मागं वळला, तेव्हा वाहाननं हातातला व्हायोलाचा गज वर केला आणि म्हणाला, माझा. गाडीत मला म्हणाला, गप्प बस, ताईला सांगू नकोस, तुझ्या नावावर आधीच खूप प्रताप आहेत. पस्तीस वर्षं मी गप्प बसलो. त्या ईस्टरलाही गप्पच बसलो, त्याच्या शेजारीच तर होतो. याची मला लाज वाटते. तरीही तू वाहानचाच लिही. खोकलो मी, पण भोगला त्यानं. ज्यानं भोगला, त्याचाच तो.

ता. क. तिसरा. डेलनं तो तुकडा मोठ्या आवाजात लावला, तेव्हा नेमकं माझ्या घशात खवखवलं. त्याचा कान तयार आहे, एकदा जरी खोकलो असतो तरी त्यानं ओळखलं असतं. डोळ्यांतून पाणी आलं, तोंड लालबुंद झालं. त्याला वाटलं, म्हातारा भावासाठी रडतोय. पण दाबून धरला, ताई. या खेपेला जमलं.