विलायती कुत्रा आणि अमिनाबींची घागर

श्रीवर्धन, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८५५. रात्र.

वाळत घातलेली सुपारी दोनदा चोरीस गेली, म्हणून मुंबईच्या मित्राकडून हा प्रचंड विलायती कुत्रा आठवडाभर पारखून पाहण्यास मागवला. कालच्या बोटीने आला. ठेवावा की परत पाठवावा? राखणीस उत्तम, यात संशय नाही. हे लिहिताना त्याचे जड, ऊबदार डोके माझ्या पावलांवर आहे, आणि पोफळींत चांदणे असे उतरले आहे की सारी वाडी पाण्याखाली असल्याचा भास व्हावा.

मात्र आज दिवेलागणीस शेजारच्या अमिनाबी घागर घेऊन कुंपणाशीच थांबल्या. त्यांच्या विहिरीचे पाणी मचूळ. कित्येक वर्षे त्या न विचारता आमच्या वाडीतून गोड्या पाण्याला येतात. कुत्रा भुंकला नाही, नुसता उठून उभा राहिला.

“भाऊ, तुमचं वासरू बांधा आधी!”

“वासरू कसलं, जावई आणलाय ह्यांनी,” आमची मंडळी म्हणाली. “चौघांचं एकटा जेवतो!”

दोघी हसल्या. मी त्याला बांधला. तरी “राहू द्या आज,” म्हणून अमिनाबी रिकामी घागर घेऊन परतल्या. उद्या तरी येतील? सुपारीचा विचार मी बारकाईने केला होता. या वाटेचा केलाच नव्हता.

शेवटी मीच एक घागर भरून त्यांच्या दारी ठेवून आलो.

उद्याच्या बोटीने त्याला परत पाठवावयाचे. आता आत जावे, पण पावले हलवली तर तो जागा होईल. थोडा वेळ असाच बसतो.